नाणं गिळलेल्या मुलाला मेटल डिटेक्टरने कसं तपासावं

मॉलच्या दारात रखवालदार अंगावरून फिरवतो, तोच हातातला मेटल डिटेक्टर मुलाच्या पोटातलं नाणंही शोधतो. दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतो, 9 व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतो आणि तपासणीला दोन-तीन मिनिटं पुरतात. हात बसलेल्या माणसाने नीट फिरवला तर शंभरातली नव्याण्णव नाणी सापडतात, असं आजवरच्या अभ्यासांची बेरीज सांगते. खालची पद्धत आहे ती ज्या लहान दवाखान्यात एक्स-रे नाही, किंवा आहे पण रात्री टेक्निशियन नसतो, तिथल्या डॉक्टर-सिस्टरांसाठी. पालकांनी काय करायचं ते शेवटी आहे.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करून ठेवा. हे यंत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: धातू कुठे आहे. तो कसला आहे, एक आहे की दोन, टोकदार आहे की गोल, यातलं त्याला काहीच कळत नाही. त्यामुळे ‘काय गिळलं’ याचं उत्तर तुमच्याकडे आधीच असेल तरच ‘कुठे’ला किंमत आहे. आणि एक्स-रेला उगाच घाबरून हा मार्ग धरू नका. छातीच्या एका एक्स-रेतून जो डोस मिळतो, तो निसर्गातून आपल्याला तसाही काही दिवसांत मिळतच असतो. डिटेक्टरचा खरा फायदा वाचणाऱ्या वेळात आणि पुन्हा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या फिल्म टळण्यात आहे.

आधी विचारा, मग यंत्र उचला

‘नाणं गिळलं’ असं आई सांगते तेव्हा पहिला प्रश्न: तोंडात जाताना कोणी डोळ्यांनी पाहिलं का? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘नाही, पण हातात नाणं होतं’ किंवा ‘काहीतरी गोल, चकचकीत होतं’. इथेच थांबायचं. 2019 च्या मालिकेतलं 1 रुपयाचं नाणं 20 मिलिमीटर व्यासाचं आहे. सीआर 2032 हा बटण सेलही 20 मिलिमीटरचाच. नावातले पहिले दोन आकडे व्यास सांगतात, पुढचे दोन जाडी, म्हणजे 3.2 मिलिमीटर. डिटेक्टर दोघांनाही सारखाच ‘पीं’ म्हणतो. नाणं अन्ननलिकेत तासन्तास गप्प पडून राहू शकतं. 3 व्होल्टचा सेल मात्र ओल्या अन्ननलिकेत अडकला की त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजतं. म्हणून कोणी पाहिलेलं नसलेलं ‘नाणं’ एक्स-रे होईपर्यंत सेलच समजायचं.

टेबलावर एक पुठ्ठा ठेवा: 1, 2, 5, 10 आणि 20 रुपयांची नाणी चिकटवलेली, बाजूला बटण सेलचं खऱ्या मापाचं चित्र. तीन-चार वर्षांचं मूल बोट दाखवून सांगतं. पालकांना घरी फोन करून विचारायला सांगा की रिमोट, वजनकाटा, बोलकं खेळणं, गाडीची चावी यांपैकी कशाचं झाकण उघडं पडलंय का. श्रावणात दिव्यांच्या राख्या आणि दिवाळीत इलेक्ट्रिक पणत्या, हे प्रश्न विसरू नका. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून डझनाच्या भावाने आणलेल्या पणतीचं खालचं झाकण उघडायला बहुधा स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, मुलाचं नख पुरतं.

डिटेक्टरवर अवलंबून न राहता सरळ एक्स-रेला पाठवायची मुलं अशी: बटण सेलची शंका; लोहचुंबक, मग तो एक असो वा दोन (दोन चुंबक आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना धरतात आणि मधली भिंत कुजते); सुई, टाचणी, उघडी सेफ्टी पिन; आणि ज्याला त्रास होतोय असं कुठलंही मूल. त्रास म्हणजे लाळ गळणं, घास नाकारणं, उलटी, छातीत दुखणं, घरघर, खोकल्याची उबळ. चेंदणी असो की दिवाळे, कोळीवाड्यातल्या घरचं मूल असेल तर जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांबद्दलही विचारा. शिसं जठरातल्या आम्लात विरघळतं. ते ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडायचं नसतं. एक्स-रे आणि रक्तातल्या शिशाची तपासणी दोन्ही लागतात.

मुलाला पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा डोक्यातला शंट (साचलेलं पाणी वाहून नेणारी नळी) असेल तर डिटेक्टर फिरवू नका.

यंत्र जोखून घेणं

आत एक कॉइल असते. तिच्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्यात धातू आला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि तो फरक यंत्र आपल्याला ऐकवतं. यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात. रुंद, सपाट तुकडा मोठ्याने बोलतो. सुईत भोवऱ्याला फिरायला जागाच नाही, म्हणून ती गप्प राहते. नाण्याची चपटी बाजू समोर असेल तर आवाज येतो, कड समोर असेल तर कमी येतो. अन्ननलिकेतलं नाणं बहुधा चपटं, पुढे तोंड करून बसतं, हे आपल्या नशिबाने सोयीचं आहे.

तिसरी गोष्ट धातूची. नव्याण्णव टक्क्यांचे आकडे ज्या अभ्यासांतून आले, त्यांतली बरीच नाणी परदेशी, तांबं-निकेल-जस्ताची. आपली 1 आणि 2 रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत, 5 चं पितळी मिश्रधातूचं. म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते वाचून समाधान मानू नका, आपल्याच नाण्यांवर यंत्र तपासा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फूटपट्टीच्या शून्यावर नाणं चिकटवा, दूरच्या टोकाकडून डिटेक्टर आणत या आणि पहिला आवाज किती सेंटिमीटरवर येतो ते लिहा. चपट्या बाजूने एकदा, कडेने एकदा. पुढून आणि मागून दोन्हीकडून तपासणार असल्याने छातीची निम्मी जाडी तरी पार व्हायला हवी. चपटं नाणं 6–7 सेंटिमीटरवर पकडत नसेल तर ते यंत्र दाराशीच बरं. पुढच्या-मागच्या भागात मांस जास्त असलेल्या जाड मुलात हे अंतर कमी पडतं. अशा मुलात ‘आवाज नाही’ याचा अर्थ ‘नाणं नाही’ असा घ्यायचा नाही.

सेल उतरला की अंतर हळूहळू घटतं, यंत्र बंद पडत नाही. ही सगळ्यांत फसवी चूक. म्हणून प्रत्येक मुलाच्या आधी तेच नाणं 5 सेंटिमीटरवरून दाखवायचं आणि आवाज ऐकायचा, सेल कालच बदललेला असला तरी.

आणखी एक खोड: बरीचशी यंत्रं चालू करताना समोर जे असेल त्याला ‘शून्य’ मानतात. मुलाच्या छातीवर टेकवून बटण दाबलं तर नाणं धरूनच शून्य होतं, मग ते बोलणार कसं? बटण हवेत, धातूपासून लांब दाबायचं. काही यंत्रं फक्त हलत्या धातूला ओळखतात. एका जागी धरलं की आवाज विरतो. तुमचं कुठल्या जातीचं आहे ते फूटपट्टीवर कळतंच.

जागा

1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं यंत्र लावलं होतं. गोळी सापडली नाही. गादीतल्या स्टीलच्या तारांनी घोळ घातला, शिवाय डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली आणि गोळी डावीकडे होती. दवाखान्यातला स्टीलचा एक्झामिनेशन टेबल आज तेच काम चोख करतो.

आपल्या इमारती आरसीसीच्या. लादीखालच्या स्लॅबमध्ये सळया, कॉलममध्ये सळया. खोली रिकामी असताना डिटेक्टर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत आणि भिंतींच्या कडेने फिरवून पाहा. जिथे तो पूर्ण गप्प राहतो, कपाट, खाट, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि कॉलमपासून निदान एक मीटर दूर, तिथे लादीवर रंगीत टेपची फुली मारून ठेवा. मुलाला त्या फुलीवर लाकडी पाटावर किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं करायचं, म्हणजे ओटीपोट जमिनीतल्या सळईपासून वर येतं. पितळी फुल्या जडवलेला पाट आणू नका, आणि साध्या पाटाचेही खिळे आधी तपासा.

अंगावरचं उतरवणं

इथे घाई केली की सगळं फुकट. शर्टाची टिचबटणं, फ्रॉकच्या पाठीची चेन, पँटीचा हुक, बनियनला अडकवलेली सेफ्टी पिन, हे सगळे उतरवतात. विसरतात ते पुढचं: चांदीचा करगोटा, गळ्यातला तांब्याचा ताईत, मनगटातले वाळे, पैंजण, कानातल्या बाळ्या, केसांतली पिन. करगोटा तर बेंबीच्याच उंचीवर असतो आणि ‘पोटात नाणं आहे’ असं खोटं सांगायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. मूल फक्त चड्डीवर, आणि तिच्या इलॅस्टिकजवळही एकदा हात फिरवून पाहायचा.

मूल धरणाऱ्याचंही असंच. बांगड्या, अंगठी, घड्याळ, खिशातला मोबाइल. आईला मंगळसूत्र काढा म्हणणं अनेकदा अवघड होतं, आणि ते मुलाच्या पाठीला टेकून हमखास आवाज देतं. त्यावर वाद घालत बसू नका. बाबांना, आजोबांना किंवा हातात काही न घालणाऱ्या सिस्टरना मूल धरायला सांगा. आई समोर, दोन हात लांब उभी राहिली की मूलही शांत राहतं.

फिरवायचं कसं

मूल उभं, हनुवटी किंचित वर, हात अंगापासून बाजूला. उभं राहू न शकणाऱ्या बाळाला कोणीतरी काखेतून धरून लटकतं ठेवावं, किंवा फोमच्या गादीवर लाकडी टेबलावर झोपवावं. यंत्राचा पसरट भाग त्वचेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर. वेग सेकंदाला अर्धी वीत, म्हणजे साधारण 10 सेंटिमीटर. याहून भरभर फिरवलं तर लहान आवाज निसटतो.

पहिली फेरी पुढून, मधोमध: हनुवटीखालून गळ्याच्या खळगीवरून छातीच्या मधल्या हाडावरून थेट जांघेपर्यंत सरळ खाली. दुसरी पोटावर आडवी: डाव्या बरगडीखालून उजवीकडे, मग तीन-चार सेंटिमीटर खाली येऊन परत डावीकडे, अशी नांगरट करत ओटीपोटापर्यंत. मग मुलाला वळवून हेच पाठीवर, मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत. शेवटी दोन्ही कुशींवरून एकेक उभी फेरी. ही शेवटची अनेकजण गाळतात. कडेवर उभं असलेलं नाणं तिथेच सापडतं.

गळ्याच्या खळगीपाशी थोडं रेंगाळा. अन्ननलिकेत अडकलेल्या नाण्यांपैकी निम्म्याहून जास्त तिथे, अन्ननलिकेच्या तोंडाशीच थांबतात. बाकीची छातीच्या मध्याला, जिथे महाधमनी ओलांडते, किंवा खाली जठराच्या दाराशी.

आवाज आला की थांबू नका. पुढे जाऊन आवाज संपू द्या, मग उलट दिशेने परत या. जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो त्यांच्या मधोमध पेनने टिंब. आता आडवं फिरवून तसंच. दोन रेषा जिथे छेदतात तिथे नाणं. मुलाला अर्धं पाऊल सरकवून पुन्हा तपासा: टिंब मुलाबरोबर सरकलं तर आवाज मुलातला, जागेवरच राहिलं तर लादीतला.

आवाज कुठे, त्यावर पुढचं

छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक बोटाने शोधा आणि तिथे आडवी रेघ मारा. निर्णय या रेघेवर होतो.

रेघेच्या वर आवाज म्हणजे नाणं अन्ननलिकेत, असं धरून चालायचं. काही खायला-प्यायला द्यायचं नाही, एक्स-रे मान-छाती-पोटाचा, पुढून आणि बाजूने दोन्ही. बाजूचा का? सेल असेल तर पुढून दुहेरी कड दिसते आणि बाजूने पायरी; नाण्याला या दोन्ही सहसा नसतात. रेघेवरच किंवा तिच्या दोन बोटं खाली आवाज असेल तरी तो ‘वर’ मध्येच मोजा, कारण जठराच्या दाराशी अडकलेलं आणि आत पडलेलं यात यंत्र फरक करू शकत नाही. त्रास नसलेल्या मुलाच्या अन्ननलिकेतलं नाणं काढायला मोठं रुग्णालय कधी कधी काही तास थांबतं, कारण काही नाणी स्वतःहून खाली उतरतात. 24 तासांच्या पुढे मात्र ठेवत नाहीत. तिथे भूल देण्याआधी डिटेक्टर आणखी एकदा फिरवून घेणं फार उपयोगाचं: नाणं रेघेखाली गेलं असेल तर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नाणं काढणं, टळते.

रेघेच्या बरंच खाली आवाज, नाणं गिळताना पाहिलेलं, मूल खेळतंय, थोडं पाणी दिल्यावर नीट पितंय: घरी पाठवा. जेवण नेहमीचं. एरंडेल नको, जुलाबाचं औषध नको. नाणं बहुतेकदा चार-सहा दिवसांत पडतं, कधी तीन-चार आठवडेही लागतात. लहान मुलात 25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं नाणं, जसं 2019 चं 5 चं, 10 किंवा 20 चं, जठरातून पुढे जायला अडू शकतं. त्या मुलाला आठवड्याने परत बोलवा.

आवाजच नाही, तेव्हा खरी परीक्षा. नाणं दाखवून यंत्र पुन्हा तपासा, दुसऱ्या माणसाकडून फेरी करून घ्या. मूल सडपातळ, वस्तू नाणंच, त्रास शून्य, तर घरी पाठवता येतं. वस्तू दुसरी काही, म्हणजे बाळीची फिरकी, नथीचा मणी, स्क्रू, तर डिटेक्टरची शांतता काहीच सिद्ध करत नाही. सोन्याची एवढीशी फिरकी यंत्राला चुकते आणि एक्स-रेत लख्ख दिसते.

उलटही घडतं. अ‍ॅल्युमिनियम एक्स-रेत इतकं फिकट येतं की शीतपेयाच्या डब्याची कडी किंवा आजीच्या डब्यातलं जुनं 10-20 पैशांचं नाणं फिल्मवर निसटू शकतं, पण डिटेक्टर ते आवाजाने सांगतो. एक्स-रे साफ आणि डिटेक्टर बोलतोय असं झालं तर ‘यंत्र खोटं’ म्हणायच्या आधी हे आठवा.

केसपेपरवर शरीराची साधी रेखाकृती छापून घ्या. तिच्यावर टिंब, वेळ, गिळल्याची वेळ, वस्तू, आवाज पुढून-मागून-कुशीतून कुठून आला, आणि नाण्याची चाचणी झाली का. आठवड्याने दुसरा कोणी तपासणार असेल तर ‘पोटात आहे’ एवढ्या नोंदीचा त्याला उपयोग नाही.

पालकांसाठी

घरी डिटेक्टर विकत आणून ही तपासणी करू नका. रेघेच्या वर आवाज आला तर पुढे करण्यासारखं तुमच्या हातात काही नाही, आणि आला नाही तर खोटा धीर मिळतो.

मूल गुदमरतंय, आवाज फुटत नाही, निळं पडतंय तेव्हाच पाठीवर थोपटायचं: वर्षाच्या आतलं बाळ पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. मोठ्या मुलालाही पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके. मूल श्वास घेतंय, रडतंय, बोलतंय तर उलटं धरू नका, घशात बोट घालू नका, ओकारी काढू नका. ‘केळं खायला द्या, नाणं उतरेल’ हा सल्ला शेजारून हमखास येतो. नाणं अन्ननलिकेत असेल तर केळं त्याच्यावर जाऊन बसतं, उलटी झाली तर श्वासात जातं आणि भूल द्यायला पुढचे सहा तास थांबावं लागतं.

बटण सेलची शंका असेल, मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि 12 तास उलटले नसतील, तर रुग्णालयात जाताना दर 10 मिनिटांनी 2 छोटे चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर, मध द्या. जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जखम होणं लांबतं, सेल निघत नाही. मध शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.

निघण्याआधी फोन करा. घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर घालवून पोचल्यावर ‘लहान मुलांची एंडोस्कोपी सकाळी’ असं ऐकण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं: आत्ता एक्स-रे होतो का, मुलांची एंडोस्कोपी करणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ आहेत का. सेल म्हटलं की सगळ्यात जवळच्या एक्स-रेला आधी जा, मग तिथून कळवा, पुढे वाशीच्या की परळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं ते ठरेल. श्वासाला त्रास असेल तर 108. जाताना त्याच जातीचं दुसरं नाणं किंवा सेलचं पाकीट खिशात टाका. पाकिटावरचा क्रमांक डॉक्टरांना हवा असतो.

घरी पाठवलेल्या मुलाची शी पॉटीत किंवा कागदावर करवून काडीने पाहायची. उलटी, पोट फुगणं, ताप, काळी किंवा रक्ताची शी दिसली तर आठवड्याची वाट न पाहता परत या. नाणं सापडलं की फोटो काढून दवाखान्याला पाठवा. दोन आठवड्यांत दिसलं नाही तर पुन्हा डिटेक्टरखाली. टिंब तेव्हाही डाव्या बरगडीखाली जागच्या जागीच असेल तर ते जठरातून हललेलं नाही, आणि मग एक्स-रे व पोटाच्या डॉक्टरांची भेट.